याकोब मिस्त्री आणि उसना करंट

बंद पडलेली मोटारसायकल ढकलत, घामानं निथळत माणूस दारात आला, की याकोब मिस्त्री गाडीकडं बघायचाच नाही. माणसाच्या तोंडाकडं बघायचा आणि विचारायचा, "कुनाकडनं घेतला?"

नवखा माणूस गांगरायचा. "काय कुनाकडनं घेतला?"

"करंट."

मग खुलासा व्हायचा. बॅटरी उतरली होती, सकाळी गाडी बटनावर चालू होईना, म्हणून शेजारच्या पिकअपच्या बॅटरीला दोन वायरी लावून चालू केली. चालू झाली खरी, पण आता डावा इंडिकेटर लावला की हॉर्न वाजतो आणि हॉर्न दाबला की लाईट मिटते. याकोब हे सगळं डोळे मिटून ऐकायचा, आणि ऐकून झालं की पुन्हा तेच. "ते समजलं. पिकअप कुनाची?"

"जगतापाची."

"जगताप घरात सुखी हाय का?"

बेलापुरात माझं पेंडीचं दुकान आहे. सरकी पेंड, गोळी, भुसा, मिठाच्या विटा. माझ्या आणि याकोबच्या दुकानात एकच पत्रा होता, आणि तोही इतका पातळ की याकोबला शिंक आली तर माझ्याकडची भुशाची पोती हलायची. त्यामुळं मी जे सांगतो ते कानांनी ऐकलेलं आणि पत्र्याच्या भोकातून डोळ्यांनी बघितलेलं आहे. गावात माझी ख्याती जरा वेगळी आहे. मी शेळी म्हणालो तर लोक करडू समजून घेतात. तरी यातलं जे तुम्हाला सर्वांत खोटं वाटेल, तेवढं खरं धरून चाला.

याकोब उंचीनं साडेसहा फूट होता. बरं, सहा धरा. हडकुळा इतका, की दुपारी उन्हात उभा राहिला तर सावली पडायला कंटाळायची. अंगात कायम खाकी शर्ट, खिशात टेस्टर, आणि कानावर पेन्सिल असते तशी तांब्याची तार. बोटं मात्र बायकी, लांब, आणि त्यांची टोकं करंट खाऊन खाऊन पांढरी पडलेली. नवीन मीटर त्यानं घेतला होता, पण आधी बोट जिभेनं ओलं करून बॅटरीला लावायचा आणि म्हणायचा, "साडेबारा." मग मीटर लावायचा. मीटर साडेबाराच दाखवायचा. एकदा मीटरनं बारा दाखवले तर त्यानं मीटर दुरुस्त केला.

नाकाचं तर विचारू नका. जळक्या वायरीचा वास त्याला नदीपलीकडून यायचा. एकदा रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब प्रार्थना सांगत होते. 'आमेन' व्हायच्या आत याकोब उठला, बाहेर गेला आणि झाडाखालच्या वीसेक गाड्यांतून नेमकी पाळकसाहेबांचीच गाडी बाजूला ओढून तिचं सीट उपटलं. खालून धुराची पहिली रेघ निघत होती. पाळकसाहेब म्हणाले, "याकोब, प्रभूनं तुला वेळेवर उठवलं." याकोब म्हणाला, "प्रभूनं न्हाई साहेब, तुमच्या मेव्हन्यानं. फ्यूजच्या जागी शिग्रेटीची चांदी कोंबलीय त्यानं."

उसन्या करंटाबद्दल त्याचं एक शास्त्र होतं. तो म्हणायचा, "करंट पान्यासारखा नसतो शेट, पाव्हन्यासारखा असतो. घरात घेतला का, येताना काय घेऊन आला ते बघावं." बघायची पद्धत ठरलेली. दुसऱ्याच्या बॅटरीवर चालू केलेली गाडी आली की आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी हलवून बघायच्या. मग फ्यूज. मग अर्थिंगची वायर चासीला जिथं आवळलेली असते ती जागा घासून लख्ख करायची. मग गाडी चालू करून बॅटरीवर मीटर. "चौदाच्या आसपास असला तर शहाना. पंधरा-सोळाला गेला तर पिसाळला. तेराच्या खाली ऱ्हायला तर उपाशी." शेवटी बॅटरीच्या दोन्ही वायरींचे नट पान्ह्यानं आवळायचा. पुन्हा आवळायचा. मग पान्हा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "तुमी आवळा."

"तुमी आवळला की आत्ता दोनदा."

"मी आवळला त्याचा काय भरवसा? तुमी आवळा."

याला मी म्हातारचळ समजायचो.

एक तलाठी होता. त्याची गाडी सरकारी दवाखान्याच्या आवारात उतरली आणि तिथं दुसरं वाहन नव्हतं म्हणून गड्यानं ती शववाहिकेच्या बॅटरीवरून चालू करून घेतली. दुसऱ्या दिवसापासून ती गाडी स्मशानाच्या फाट्यावर आली की बंद पडायची. बरोबर फाट्यावरच. बंद पडायची आणि उतार असल्यामुळं आपोआप स्मशानाकडं घरंगळायची. तलाठी तीन दिवस हँडल धरून बोंबलत गेला. चौथ्या दिवशी त्यानं गाडीला लिंबू बांधलं. पाचव्या दिवशी याकोबकडं आणली.

"कुनाकडनं घेतला?"

तलाठ्यानं सांगितलं. याकोबचे डोळे उघडले. त्यानं उकिडवं बसून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चासीला लावलं, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ ऐकत राहिला. मी पत्र्यामागं श्वास धरून. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं. मग याकोबनं अर्थिंगचा बोल्ट काढून तलाठ्याला दाखवला. गंजून काळा पडलेला. फाट्यावर एक मोठा खड्डा होता, त्या खड्ड्यात गाडी आदळली की तो बोल्ट सुटायचा आणि गाडी मरायची. घासला, आवळला, झालं.

तलाठी हसायला लागला. "म्हंजे भूत-बीत काय न्हाई!"

"मी कुठं तसं म्हनलो?" याकोब म्हणाला. "बोल्ट ढिला हुता. पर बोल्ट आजवर गप हुता, आत्ताच का बोलला, ते त्या बोल्टालाच माहीत. आता वळायची न्हाई तिकडं."

"नक्की?"

"वळंल. सगळ्यांचीच वळती. पर टायमावर."

तलाठ्यानं पुढच्याच महिन्यात बदली करून घेतली.

आता ती गाडी. याकोबच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात, माझ्या पत्र्याला टेकून एक लाल मोटारसायकल उभी असायची. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवायचे लोखंडी आकडे. तिच्यावर धूळ नसायची, कारण याकोब रोज पुसायचा. तिच्यावर चिमणीही बसायची नाही. दुकानभर चिमण्या असायच्या, पण त्या गाडीवर नाही. आणि भर दुपारी, पत्रा तापून रस्ता सामसूम झाला, की ती वाजायची. चावी नाही, माणूस नाही. हॉर्न. एकच, लांब, घसा बसल्यासारखा.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी गोळी पेंडीच्या पोत्यावरून सरकीच्या पोत्यावर उडालो. आणि याकोब काय करत होता? जेवत होता. भाकरी खाली ठेवून, मान वळवून तो म्हणाला, "आलो, आलो." उठला, गाडीजवळ जाऊन बसला, हँडलवर हात ठेवला. हॉर्न थांबला.

"मिस्त्री, हे काय?" मी भोकातून विचारलं.

"जुनी बॅटरी जोडून ठेवलीय. पत्रा तापतो, हँडल तापतं, आतली वायर अंगाला लागती."

"मग दुरुस्त का करत न्हाई?"

"दुरुस्त केली तर बोलनार कशी?"

ती गाडी अशोक दूधवाल्याची. सात वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो वस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला निघाला होता आणि याकोबच्या दारात त्याची गाडी मेली. कॅनमध्ये साठ लिटर दूध, उन्हाळ्याचे दिवस, डोळ्यांसमोर नासणारं दूध बघून माणूस कसा होतो ते ज्याच्या घरी गाय आहे त्याला विचारा. अशोक नाचायला लागला. "मिस्त्री, काय बी करा, पर चालू करा!" बॅटरी पार झोपलेली. माझ्या दारात पेंड उतरवायला पिकअप आली होती, तिच्या बॅटरीला वायरी लावल्या आणि गाडी चालू केली. पिकअपवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, मला जाऊ द्या म्हणून. अशोक एक पाय टाकून तयार. बॅटरीतलं पाणी आटलं होतं म्हणून याकोबनं त्याला डिस्टिल वॉटर दिलं. आमच्याकडं ते दारूच्या रिकाम्या क्वार्टरमध्येच भरून ठेवतात, बाटली बेताची आणि बूच घट्ट बसतं. "डेअरीवर पोचला की थोडं घाला आत." अशोकनं ती बाटली पिशवीत टाकली आणि गेला.

पाटाच्या रस्त्यावर मोरीच्या छोट्या पुलापाशी एक वळण आहे. दिवेलागणीला तिथून तो गाडीसकट पाटात गेला. पाट भरून वाहत होता. माणूस दुसऱ्या दिवशी पाटाच्या पुढच्या फाटकाला सापडला. गाडी दोरानं ओढून काढली, बॅटरी कुठं वाहून गेली कुणास ठाऊक, लाईट फुटलेली, आणि पिशवीत क्वार्टर, मान फुटून रिकामी झालेली.

झालं. गावाला आणखी काय लागतं? अशोक पूर्वी प्यायचा, सगळ्यांना माहीत होतं. वर्षभरापूर्वी सोडली होती, हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं. याकोबनं डेअरीवर जाऊन सांगितलं, "बाटली माझी हाय, तिच्यात बॅटरीचं पानी हुतं." लोक असे हसले, असे हसले, की म्हशींनी पान्हा चोरला. "पानी हुतं म्हने! मिस्त्री, आमाला बी पाज की एकदा तसलं पानी!"

अशोकची बायको मंगल चाळिशीच्या आतली, वाळलेली, न रडणारी. तेरवीनंतर ती लाल गाडी ढकलत स्वतः याकोबकडं घेऊन आली, सोबत शाळेतली लेक, कोमल.

"याकोबदादा, बाटली तुमची?"

"माझी, ताई. पानीच हुतं."

"मला म्हाईत हाय. पर हिला शाळेत बेवड्याची पोरगी म्हनत्यात. लोकं तुमचं मानत न्हाईत, माझं मानत न्हाईत."

याकोब गाडीकडं बघत राहिला. "मंग गाडी बोलंल," तो म्हणाला. "ठेवून जा."

इथं जरा थांबा, कारण हा सौदा मला फार उशिरा समजला. अशोक शुद्धीत होता हे सिद्ध करायचं, तर गाडीत बिघाड होता हे सिद्ध करायला हवं. आणि बिघाड होता, तर शेवटचा हात लावणारा कोण? याकोब. म्हणजे हा माणूस सहा वर्षं रोज दुपारी ज्याचा पुरावा शोधत बसला होता, तो सापडला तर फास त्याच्याच गळ्यात. आणि नाही सापडला तर तो मोकळा आणि ती पोरगी बेवड्याची.

दर वर्षी अशोकचं श्राद्ध झालं की मंगल यायची. दारातच उभी राहायची.

"सापडलं का?"

"न्हाई ताई."

"शोधा."

एवढंच. चहासुद्धा नाही. ती गेली की याकोब ताजी बॅटरी लावून ती गाडी स्टँडवर चालू करायचा, आणि अशोकच्या फेरीला लागायचा तेवढा वेळ चालू ठेवायचा. हँडल डावीकडं, हँडल उजवीकडं. वायरिंग हलवून बघ, तापवून बघ, ओलं करून बघ. लाईट कधी मिटली नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. पत्र्यातून तो घरघराट माझ्या गादीत, माझ्या दातांत, माझ्या पाण्याच्या तांब्यात उतरायचा, आणि मधेच याकोबचा आवाज यायचा. हळू, समजूत घातल्यासारखा. "बोला अशोकराव. काय झालं? बोला की."

त्याला उत्तर कुणी दिलेलं मी ऐकलं नाही. पण कधीकधी तो मधे थांबायचा, आणि थांबून म्हणायचा, "व्हय, ते झालं. त्याच्या आधी?"

आता माझ्या पापाकडं येतो. अपघात झाला तेव्हा पाटाच्या पलीकडं एका धनगराचा वाडा बसला होता, मेंढरं बसवलेली. बिरूबा त्याचं नाव. त्यानं काहीतरी बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात मीठ घ्यायला आला तेव्हा तो मला म्हणाला, "शेट, पान्यावर पांढरं दिसलं." एवढं बोलून तो मेंढरं घेऊन डोंगराकडं निघून गेला. आता 'पांढरं' एवढ्यावर काय दुकान चालतं का? मी त्या पांढऱ्याला लुगडं नेसवलं. मग केस सोडले. मग हातात कंदील दिला. दुसऱ्या वर्षी ती बाई मोरीच्या कठड्यावर बसून दूधवाल्यांना हाका मारायला लागली, तिसऱ्या वर्षी तिचे पाय उलटे झाले, आणि चौथ्या वर्षी नेवाशाचा एक पाहुणा मलाच ती गोष्ट सांगायला लागला, आणि ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला. मोरीच्या वळणावर दिवेलागणीनंतर माणूस जाईना.

याकोबनं ती गोष्ट शंभरदा ऐकली होती. प्रत्येक वेळी म्हणायचा, "शेट, बाईनं लाईट फुटत न्हाई."

गेल्या वर्षी बिरूबा परत आला. या सहा वर्षांत त्याचा वाडा दुसरीकडूनच जायचा. माझ्याकडं मीठ घेताना मी आपलं गल्ल्यावरून हसत म्हणालो, "काय बिरूबा, तुमच्या बाईनं लई नाव काढलं की."

"कंची बाई?"

"मोरीवरची. पांढरी."

"बाई न्हाई बघितली मी. लाईट बघितली."

पलीकडं पान्ह्याचा आवाज थांबला.

"गाडी येत हुती," बिरूबा म्हणाला. "पिवळी लाईट, नेहमीसारखी. वळनाच्या आलीकडं आली आन् एकदम पांढरीफेक झाली. इतकी, का पलीकडं माझ्या मेंढरांच्या सावल्या पडल्या. लगीच काळं. काय न्हाई. गाडीचा आवाज मातुर चालूच, काळोखात. आन् मंग पानी वाजलं."

याकोब माझ्या दुकानात कधी येत नसे. त्या दिवशी आला. दारात उभा राहिला तर दुकानात अंधार पडला.

"आधी पांढरी," तो म्हणाला, "आन् मंग पानी?"

"व्हय."

"पान्यात पडायच्या आधी?"

"लई आधी. माझ्या हातातली चिलीम खाली ठेवस्तवर."

याकोबनं मान हलवली. मग माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, एखाद्या जळक्या वायरीकडं बघतात तसं, आता ही कुठून कुठवर गेली असेल असं. "शेट," तो म्हणाला, "सहा वर्सं."

बिरूबाचा तो शब्द मी तितकी वर्षं लुगड्यात गुंडाळून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मंगलला आणि कोमलला बोलावणं धाडलं. मलाही म्हणाला, "या. तुमी बगाच." लाल गाडी मधोमध उभी. खिडकीला पोती लावली, शटर खाली ओढलं. बाहेर टळटळीत ऊन आणि आत काळामिट्ट अंधार, पत्र्याच्या भोकांतून तेवढ्या सुया आल्यासारखे उजेडाचे ठिपके. गाडी चालू केली. लाईट लावली. पिवळी, भिंतीवर गोल पडलेली.

"ताई," याकोब म्हणाला, "तीनच गोष्टी हुत्या. एक, अशोकराव पिऊन नायतर पेंगून गेले. तसं असंल तर लाईट पान्यात जाईस्तवर अशीच पिवळी ऱ्हानार. दोन, कुठं वायर तुटली. तर लाईट मुकाट्यानं मिटनार. गाडी पान्यातनं काढली तवा बल्ब फुटका, बॅटरी गेल्याली, कायच कळंना. आता तिसरी बगा."

त्यानं गाडीची मूठ पिळली. गाडी गर्जायला लागली. दुसऱ्या हातानं त्यानं बॅटरीची वायर उचलली. पान्हा लागला नाही, नुसती उचलली.

देवाशपथ सांगतो, तसला उजेड मी बघितला नाही. पिवळा गोल एका क्षणात पांढरा झाला, पांढऱ्याच्याही पुढं गेला. पत्र्यांवरचा गंज दिसला, मंगलच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ दिसली, कोमलनं तोंडावर घेतलेल्या हाताची हाडं दिसली म्हणालो तरी चालेल. आणि समोरून उलटून आलेल्या उजेडात मागच्या पत्र्यावर आमच्या चौघांच्या सावल्या पडायला हव्या होत्या. मी मोजल्या. मोजायची सवय वाईट. पाच होत्या.

मग टिक् असा बारीक आवाज झाला आणि काळं. गाडी तशीच चालू, अंधारात धडधडत. कुणी हललं नाही. डोळ्यांपुढं नुसतं हिरवं-पांढरं तरंगत होतं, हात दिसत नव्हता.

"हे त्यांनी बघितलं," अंधारातून याकोबचा आवाज आला. "शेवटचं. बॅटरी सुटली, का सगळा करंट बल्बात घुसतो. बल्ब असा भडकतो आन् जळतो. समोर वळन, आन् डोळ्यांपुढं हे. शुद्धीत हुते ताई. पार शुद्धीत. गाडी शेवटपत्तुर चालवत हुते."

गाडी बंद झाली. शांतता इतकी, की माझ्या दुकानातलं मांजर पेंडीवरून चाललेलं ऐकू आलं.

"बॅटरी सुटली कशी?" कोमलनं विचारलं. आता ती मोठी झाली होती, कॉलेजात जाणारी.

"उसना करंट देताना सोडल्याला बॅटरीचा नट मी हातानं आवळला हुता," याकोब म्हणाला. "पान्ना लावला न्हाई. घाई हुती. सहा वर्सं गाडीला इचारत बसलो. इचारायचं हुतं या हाताला."

 मग मंगलचा आवाज आला, अगदी साधा, भाजीचा भाव विचारावा तसा.

"म्हंजे प्याले नव्हते."

"न्हाई."

"हे डेअरीवर सांगाल?"

"उद्या सकाळी."

"नटाचं बी?"

"नटाचंच सांगनार. त्याबिगर बाटलीचं कोन मानंल?"

तिनं स्वतः शटर वर केलं. उजेड आत आला तेव्हा ती रडत होती. याकोब मात्र तिच्याकडं न बघता तिच्या जरा बाजूला बघत होता. तो त्या उजेडात डोळे उघडे ठेवून बघत राहिला होता, कारण नीट बघायला हवं होतं. त्या दिवसापासून त्याला प्रत्येक गोष्टीच्या मधोमध एक पांढरा ठिपका दिसायचा. माणसाच्या तोंडाच्या जागी, भाकरीवर, पवित्र शास्त्राच्या पानावर. "जाईल," म्हणायचा. गेला नाही.

डेअरीवर त्यानं सांगितलं. दुधाच्या रांगेसमोर टोपी काढून, एकेक शब्द मोजून. या वेळी कुणी हसलं नाही. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "मंग ती पांढरी बाई कोन हुती?" मी पुढं होऊन कबूल केलं, "बाई न्हाईच. बाई मी घातली." तर म्हातारा मलाच म्हणाला, "शेट, घाबरला काय तिला?" बाई काही गेली नाही, ती अजून मोरीवर आहे, मी केलेल्या सगळ्या मालात टिकाऊ तीच निघाली. पण बाटलीचं नाव त्या दिवसापासून कुणी काढलं नाही. आणि याकोबच्या दारात गाडी घेऊन येणंही लोकांनी थांबवलं. एकदम नाही. एकेक करून, दुसऱ्या रस्त्यानं.

त्यानं दुकान आवरलं. त्याची लेक राजूरला दिलेली, तिकडं जायचं ठरलं. जायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, कोमल वडलांची गाडी न्यायला आली. आईनं दोन गाया वाढवल्या होत्या, आता डेअरीला दूध कोमलच घालणार होती. याकोबनं नवीन बॅटरी बसवली, वायरिंग तपासलं, दुपारी वाजणारी ती हॉर्नची वायरही अखेर दुरुस्त करून टाकली. कॅन आकड्यांना लावले.

"मिस्त्रीकाका, पाटावरनंच जाते. तिकडनं जवळ पडतं."

"जा," तो म्हणाला.

ती गेली. तो रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. दिवे लागत होते. गाडीची मागची लाल लाईट त्याला दिसणं शक्य नव्हतं, मधोमध तो ठिपका. म्हणून मान तिरकी करून तो ऐकत होता. मी गल्ला सोडून त्याच्या शेजारी गेलो. गाडीचा आवाज बाजारातून निघाला, वेशीपाशी बारीक झाला, पाटाला लागला. मग मोरीचं वळण. तिथं आवाज जरा दबला, गिअर बदलल्यासारखा. आणि पलीकडं निघाला.

याकोबनं श्वास सोडला. मग पुन्हा धरला.

"शेट, किती गाड्या गेल्या?"

मी रस्त्याकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. आणि पाटाच्या दिशेनं, कोमलच्या गाडीच्या जरा मागं, तितक्याच वेगानं, तसाच दुसरा आवाज चालला होता. पुढं न जाणारा, मागंही न राहणारा. ऊस असतो दोन्हीकडं, प्रतिध्वनी येत असेल. सहा वर्षांत कधी आला नव्हता.

आयुष्यभर मी एकाचे दोन केले. त्या संध्याकाळी दोनाचा एक केला.

"एकच," मी म्हणालो.

"बरं," याकोब म्हणाला, आणि दोन्ही आवाज विझेपर्यंत रस्त्यातच उभा राहिला.